सीमेवर फोनला राज्य कसं कळतं?

१० ऑक्टोबर २०२१. दुबईत आयपीएलचा पहिला क्वालिफायर होता, दिल्ली विरुद्ध चेन्नई. ‘ड्रीम ११’वर संघ लावून बसणाऱ्यांचा हा ऐन सुगीचा दिवस, आणि नेमक्या त्याच दिवशी ‘ड्रीम ११’ने कर्नाटकातलं दुकान बंद केलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा पाच दिवस आधी, ५ ऑक्टोबरला लागू झाला होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. बंगळुरूच्या एका पोलीस ठाण्यात गुन्हाही नोंदला गेला होता. (घोड्यांच्या शर्यती आणि लॉटरी मात्र या कायद्यातून वगळल्या होत्या. जुगार जुना झाला की त्याला प्रतिष्ठा येते बहुतेक.)

बंगळुरूत बसलेल्यांना यात कोडं काही नव्हतं. कोडं होतं ते निपाणीत. निपाणीहून कागल वीसेक किलोमीटर. कोगनोळीचा टोल नाका मागे पडला, दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, आणि महाराष्ट्रात तेच अ‍ॅप तेव्हा कायदेशीर. फोन तोच, खातं तेच, पण निपाणीच्या स्टँडवर जे नाही म्हणणार, ते कागलच्या स्टँडवर हो म्हणणार. नाक्यावर गाडी अडवतात, फोन कुणी अडवत नाही. मग राज्य बदललं हे त्याला कळतं कसं?

खरं सांगायचं तर कळत नाही. राज्य नावाची गोष्टच फोनला ठाऊक नसते. चार वेगवेगळ्या खुणांवरून तो आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजावर अ‍ॅप ठरवतं की तुम्ही कोणत्या कायद्याखाली आलात. पुण्यात किंवा म्हैसुरात बसलेल्या माणसाच्या बाबतीत राज्य चुकायचं फारसं कारण नाही. आपल्या पट्ट्यात मात्र हा अंदाज कुठे घसरतो आणि का, हे बघण्यासारखं आहे.

मोठा आवाज कुणाचा?

सगळ्यात जुनी खूण टॉवरची. प्रत्येक मोबाइल टॉवर आपली ओळख अखंड सांगत असतो. आधी देशाचा आकडा, मग कंपनी आणि सर्कल मिळून एक आकडा, मग त्या भागाचा, शेवटी त्या अँटेनाचा. भारताचे आकडे ४०४ आणि ४०५. सर्कल म्हणजे दूरसंचार खात्याने परवान्यांसाठी पाडलेला देशाचा तुकडा. कर्नाटक हे एक सर्कल, मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरं. एकाच कंपनीचे आकडेसुद्धा सर्कलप्रमाणे बदलतात. एअरटेलचा कर्नाटकातला टॉवर स्वतःला ४०४-४५ म्हणवतो, महाराष्ट्रातला ४०४-९०.

फोन यातला ज्याचा आवाज मोठा, त्याला धरतो. गणपतीत दोन गल्ल्यांच्या तोंडाशी उभं राहिलं की दोन्ही मंडळांचे स्पीकर एकदम ऐकू येतात. तुमचे पाय कोणत्या गल्लीत आहेत याला तिथे काही अर्थ नसतो. ज्याचा स्पीकर मोठा, त्याचं गाणं डोक्यात बसतं. रेडिओलहरींचं तसंच. नदी, नाका, जिल्हा त्यांच्या गावी नाही. दूधगंगेच्या अलीकडच्या मळ्यात पलीकडच्या उंचवट्यावरचा टॉवर जोरात ऐकू येऊ शकतो. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्याला बाची संपून शिनोळी लागते, तिथेही तीच गत.

२०१६-१७ पर्यंत या गोष्टीचे पैसे पडायचे. माणूस घरात खाटेवर बसलेला, फोन मात्र पलीकडच्या राज्यातल्या टॉवरला चिकटलेला, आणि आलेला फोन उचलला म्हणून शिल्लक कापली जायची. सीमाभागात दोन सिम बाळगायची सवय यातून लागली, एक इकडचं, एक तिकडचं. रोमिंगचे पैसे गेले, दुसरं सिम मात्र अनेकांच्या खिशात राहिलंच.

आणखी एक अनुभव इथल्या बहुतेकांना असेल. कोल्हापूरहून परत निपाणीत आलो, जेवूनखाऊन झालं, तरी फोनवर रोमिंगची खूण तशीच. त्याला कारण आहे. दोन टॉवरांच्या मध्ये फोन दर सेकंदाला इकडून तिकडे उड्या मारू लागला तर बॅटरी तासाभरात बसेल. म्हणून दुसरा टॉवर नुसता थोडा बरा असून भागत नाही, बराच बरा असावा लागतो. आणि परक्या सर्कलच्या टॉवरवर असलेला फोन आपल्या घरच्या नेटवर्कचा शोध सतत घेत नाही, ठरावीक वेळाने घेतो. किती वेळाने, ते सिमवर लिहून ठेवलेलं असतं. तोवर पाहुण्याच्या ओसरीवर मुक्काम.

हे डोळ्यांनी बघता येतं. अनेक अँड्रॉइड फोनवर नंबर फिरवायच्या जागी *#*#४६३६#*#* टाकलं की एक रटाळ, आकड्यांनी भरलेला पडदा उघडतो. (काही कंपन्यांनी ही सोय काढून टाकली आहे.) कर्नाटकातलं एअरटेलचं सिम घेऊन निपाणीहून कोल्हापूरच्या एसटीत तो उघडून बसावं. टॉवरचा आवाज तिथे उणे आकड्यांत दिसतो: उणे ८५, उणे ९२, उणे १०१. उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक. कोगनोळीपुढे तो घसरत उणे ११० च्या आसपास जातो, क्षणभर रकाना रिकामा पडतो, आणि मग आधीच्या ४५ च्या जागी ९० येऊन उभा राहतो. बस तोवर पूल ओलांडून कितीतरी पुढे गेलेली असते. सरकारी नकाशावरची सीमा आणि ही रिकाम्या रकान्याची सीमा एका जागी भेटलीच तर तो योगायोग.

आभाळातली घड्याळं

दुसरी खूण जीपीएस. अमेरिकेचे हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. (इस्रोची ‘नाविक’ ही आपली व्यवस्थाही आहे आणि अलीकडचे बरेच फोन तिचे उपग्रहही ऐकतात.) उपग्रह तुम्हाला बघतो, असा एक समज आहे. तो काही बघत नाही. तो फक्त दोन गोष्टी सांगत राहतो: मी आत्ता कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले. ऐकायचं आणि हिशोब करायचा तो फोनने.

उपग्रहाने सांगितलेली वेळ फोनपर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला हे कळलं की उपग्रह किती लांब आहे हे कळतं, कारण लहरींचा वेग ठरलेला आहे. तीन उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की जागा पक्की व्हायला हवी. पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, आणि सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी जागा ३०० मीटर सरकते. म्हणून चौथा उपग्रह लागतो, तो फोनच्या घड्याळाची चूक काढायला. उपग्रहावरची घड्याळंसुद्धा तशीच सोडून चालत नाही. ती उंचावर आणि वेगात असल्याने जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ३८ पट पुढे जातात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा हा हिशोब धरला नाही तर एका दिवसात निपाणीतल्या फोनला आपण कोगनोळीत आहोत असं वाटायला लागेल.

मोकळ्या माळावर जीपीएस पाच-दहा मीटरांत जागा सांगतं. सीमेसाठी हे पुरेसं आहे. अडचण एवढीच की तो आवाज जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. निपाणीतल्या एखाद्या तंबाखूच्या वखारीत, वर पत्रा आणि भोवती बोदांची थप्पी, अशा ठिकाणी तो येतच नाही. मग फोन दुसरीकडे कान लावतो.

शेजाऱ्याचं वायफाय

ही तिसरी खूण, आणि माझ्या मते सगळ्यात चलाख. तुम्ही रस्त्याने जाता तेव्हा फोनला आजूबाजूच्या घरांतली, दुकानांतली वायफायची यंत्रं दिसत असतात. जोडलं जायची गरज नाही, पासवर्ड लागत नाही. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेला एक क्रमांक असतो. ज्यांच्या फोनला जीपीएस मिळतंय, त्यांचे फोन ‘अमुक जागी हे पाच क्रमांक दिसले’ असं गुगलला किंवा अ‍ॅपलला कळवतात. अशा कोट्यवधी नोंदींची एक वही तयार होते. नंतर वखारीतल्या फोनला तेच पाच क्रमांक दिसले की वही उघडून उत्तर मिळतं: तू अमक्या गल्लीत आहेस.

या वहीला एकच व्यंग आहे. यंत्र उचलून दुसरीकडे नेलं तरी वहीला ते लगेच कळत नाही. कोल्हापुरात शिकणाऱ्या मुलाने खोली सोडताना राउटर निपाणीच्या घरी आणला आणि आसपास दुसरं वायफाय नसलं, तर घरातले फोन काही दिवस स्वतःला कोल्हापुरात समजू शकतात. सगळं कुटुंब कर्नाटकात, वायफाय महाराष्ट्रात.

चौथी खूण आयपी पत्त्याची. तिच्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही, कारण राज्य ओळखायला ती सगळ्यात कुचकामी. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता मिळतो. पण तो तुमच्या घराचा नसतो, कंपनीच्या वाहतुकीचं जे मोठं दार असेल त्याचा असतो. निपाणीतल्या वायरच्या ब्रॉडबँडचं दार बंगळुरूला असू शकतं, मुंबईलाही असू शकतं. मोबाइलवर तर सिम ज्या सर्कलचं, तिथल्या दारातूनच वाहतूक बाहेर पडते असं अनेकदा होतं. निपाणीतल्या मराठी घरात हवामान बघायला जावं तर वर बंगळुरूच्या पावसाची बातमी आणि खाली कन्नड जाहिरात, यामागे बहुधा हेच दार असतं.

बिंदू आत की बाहेर?

या खुणांतून फोनला मिळतो तो एक बिंदू. निपाणीचा साधारण १६.४० उत्तर, ७४.३८ पूर्व. हा बिंदू कर्नाटकात आहे हे ठरवायला अ‍ॅपजवळ राज्याच्या सीमेचा नकाशा लागतो. संगणकाच्या दृष्टीने तो नकाशा म्हणजे हजारो छोट्या सरळ रेघांनी बंद केलेली एक वेडीवाकडी आकृती. आता बिंदू आकृतीच्या आत आहे की बाहेर, हे माणसाला एका नजरेत दिसतं. संगणकाला नजर नाही. त्याच्यासाठी युक्ती अशी: बिंदूपासून कोणत्याही एका दिशेला, नकाशा संपेपर्यंत सरळ रेघ ओढायची आणि ती सीमेला किती वेळा छेदते ते मोजायचं. आकडा विषम आला तर बिंदू आत, सम आला तर बाहेर.

नकाशा काढून बघा. निपाणीहून सरळ पश्चिमेला समुद्रापर्यंत रेघ ओढली तर ती कर्नाटकातून एकदा बाहेर पडेल. सीमेचा एखादा दात आडवा आला तर बाहेर, परत आत, परत बाहेर, म्हणजे तीनदा. विषमच. कागलहून दक्षिणेला ओढली तर ती निपाणी तालुक्यात शिरेल, गडहिंग्लजकडे बाहेर येईल, खानापूरकडे पुन्हा शिरेल. पण जितक्या वेळा शिरेल तितक्या वेळा तिला बाहेर यावंच लागेल. म्हणून सम. जगभरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही युक्ती आजही वापरात आहे.

हे दात आले कुठून, ते इथल्या माणसाला सांगायला नको. ब्रिटिश मुलूख, कोल्हापूर, सांगली, कुरुंदवाड, मिरज या संस्थानांची गावं एकमेकांत मिसळलेली. बेळगावचं शहापूरच सांगली संस्थानात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो चंदगड तालुका वगळून. शिनोळी आज महाराष्ट्रात आहे ती त्यामुळे. सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा या सीमेबद्दलचा दावा २००४ पासून पडून आहे. फोन निकालाची वाट बघत नाही, त्याला जी आकृती दिली तीच त्याची सीमा.

आणि ती आकृती बरेचदा सोपी करून दिलेली असते. प्रत्येक दात हुबेहूब ठेवला तर नकाशा जड होतो, म्हणून बारीक कोपरे छाटून सीमा गुळगुळीत करतात. मुंबई-बंगळुरूच्या कार्यालयात बसून छाटलेल्या एका कोपऱ्यात इथली एखादी आख्खी वाडी जाऊ शकते.

शंकेचा फायदा कुणाला?

फोन नुसता बिंदू देत नाही, त्याच्याबरोबर शंकाही देतो. ‘मी इथे आहे, पण ८०० मीटर इकडेतिकडे असू शकेल.’ निपाणी शहरात हे ८०० मीटर कर्नाटकातच राहतात. कोगनोळीच्या पुढे त्या वर्तुळाचा अर्धा भाग एका राज्यात, अर्धा दुसऱ्यात. इथून पुढे विज्ञान संपतं आणि कंपनीची मर्जी सुरू होते. खुणांची टक्कर झाली की कोणती खरी मानायची, हे शेवटी कंपनीच ठरवते.

जाहिरात दाखवायची असेल तर ती कोणतीही खूण चालवून घेते, आयपी पत्तासुद्धा. तुरुंगाची भीती असेल तर तीच कंपनी एकदम काटेकोर होते. फोनची जागा, खात्यावरचा पत्ता, दोन्ही बघते आणि शंका आली की दार लावते. जागेबद्दल थाप मारणारी अ‍ॅपही मिळतात. अँड्रॉइडमध्ये खोटी जागा देण्याची सोय प्रोग्रामरांच्या चाचणीसाठी मुद्दाम ठेवलेली आहे. पण ती चालू आहे हे दुसऱ्या अ‍ॅपला कळू शकतं, आणि टॉवर कर्नाटकाचा, जीपीएस मात्र कोल्हापूरचं, एवढ्यावरूनही चोरी पकडता येते.

देशव्यापी बंदीला यातलं काही लागत नाही. २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा गुगल आणि अ‍ॅपलने ती आपल्या दुकानांतून उचलली, काम झालं. या दुकानांना देश कळतो. राज्य कळत नाही. राज्याची बंदी राबवायची तर प्रत्येक अ‍ॅपने आपापला नाका उभारायचा. कर्नाटकाच्या कायद्याचा हा मला दिसणारा मोठा कच्चेपणा होता. उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ ला त्यातली बंदीची कलमं रद्द केली ती वेगळ्या कारणांनी, कौशल्याचा खेळ आणि जुगार यांतला फरक कायद्याने पुसला होता म्हणून. पण ती टिकली असती तरी कोगनोळी-कागल पट्ट्यात त्यांचा अंमल टॉवरच्या आवाजावर अवलंबून राहिला असता.

> चौकट: आपल्या फोनकडून अंदाज नीट हवा असेल तर
>
> जागा बघताना उघड्यावर उभे राहा; निळ्या टिंबाभोवतीचं फिकट वर्तुळ म्हणजे फोनची शंका. वर्तुळ मोठं असेल तर टिंबावर विश्वास ठेवू नका.
>
> परत आल्यावरही रोमिंग दिसत असेल तर विमान मोड चालू करून पुन्हा बंद करा. फोनला घरचं नेटवर्क नव्याने शोधावं लागतं.
>
> ज्या अ‍ॅपला तुमच्या नेमक्या जागेशी देणंघेणं नाही, त्याला सेटिंगमध्ये ‘अंदाजे जागा’ एवढीच परवानगी द्या. नवीन अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ही सोय आहे.

बंगळुरूचं शब्दकोडं

हा प्रश्न मोबाइलबरोबर आला असं वाटत असेल तर एक जुना खटला आठवावा. १९५० च्या सुमाराला बंगळुरूहून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं साप्ताहिक निघत असे. त्यात बक्षिसांची शब्दकोडी यायची, चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला. शुल्क भरून कोडं सोडवायचं आणि कार्यालयात आधीच मोहोरबंद ठेवलेल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळलं तर बक्षीस. अंक छापला जायचा म्हैसूर राज्यात, पण त्याचा खप मुंबई राज्यातही मोठा होता. आणि तेव्हा बेळगाव-निपाणी मुंबई राज्यात होती. म्हणजे सीमा तीच नव्हे, पण नाटक तेच, फक्त दिशा उलटी: खेळ कर्नाटकाकडून येतोय आणि मुंबई सरकार तो अडवायला बघतंय. मुंबईने १९५२ मध्ये आपला कायदा बदलून बाहेर छापलेल्या अंकांतल्या स्पर्धांवरही कर बसवला. चमारबागवाला म्हणाले, आमची स्पर्धा बंगळुरूत चालते, मुंबईचा संबंध काय?

सुप्रीम कोर्टाने ९ एप्रिल १९५७ ला निकाल दिला. अंक कुठे छापला, उत्तर कुठे उघडलं, यावर कोर्टाने भर दिला नाही. मुंबई राज्यात प्रवेशपत्रिका आणि शुल्क जमा करणारी केंद्रं होती, पैसे तिथे गोळा होत होते. मुंबईचा कायदा लागू व्हायला एवढा संबंध पुरे.

मला हा निकाल आजच्या जागा-शोधण्याच्या खटाटोपापेक्षा शहाणा वाटतो. बोट कुठे टेकलं हे शोधण्यापेक्षा पैसा कुठून निघाला हे शोधणं सोपं आणि पक्कं. यूपीआयचा रुपया बहुतेक वेळा एका बँक खात्यातून निघतो, त्या खात्याला शाखा असते, शाखेला पत्ता असतो. तो पत्ता ८०० मीटर इकडेतिकडे होत नाही.

आता काय उरलं

पैशांच्या खेळांपुरता हा वाद २०२५ मध्ये मिटला. संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि त्याच दिवशी ‘ड्रीम ११’ने पैसे घेऊन चालणाऱ्या स्पर्धा सगळीकडेच थांबवल्या. निपाणी आणि कागल या बाबतीत सारखी झाली.

टॉवर मात्र पूर्वीसारखेच बोलतायत, आणि एका ठिकाणी ते खेळापेक्षा महत्त्वाचं आहे. अपघात झाला आणि ११२ लावला, तर तो कॉल कोणत्या राज्याच्या नियंत्रण कक्षात जाईल हे तुमच्या आधारवरच्या पत्त्यावर ठरत नाही, फोनने त्या क्षणी धरलेल्या टॉवरवर ठरतं. हायवेवर कोगनोळीजवळ उभे असताना पलीकडून ‘कुठून बोलताय?’ असं विचारलं तर ‘टोल नाक्याजवळून’ म्हणून भागणार नाही. गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य, चारही सांगा, आणि राज्य सगळ्यात आधी.